मदत हवी आहे: खरोखर उत्कंठा वाढवणाऱ्या ख्रिस्ती रहस्यकादंबऱ्या सुचवा

नमस्कार,

आमच्या चर्चच्या तरुण संघाचं छोटंसं ग्रंथालय आहे. नाताळाआधी त्यात काही नव्या कादंबऱ्या घ्यायच्या आहेत आणि निवडीचं काम माझ्याकडे आलंय. मुलं सोळा ते बावीस वयाची, इंग्रजी सहज वाचणारी. त्यांना खून, पाठलाग, रहस्य हवं असतं. कपाटातल्या बऱ्याच पुस्तकांत मात्र शेवटच्या प्रकरणात नायक गुडघे टेकतो आणि सगळं सुरळीत होतं. मुलं ती अर्धी वाचून परत आणून देतात, आणि मला त्यांचं पटतं. विश्वास शेवटी चिकटवलेला नको. संकट आल्यावर त्याचीच कसोटी लागली पाहिजे.

टेड डेकरची 'थ्री' (२००३) मला म्हणूनच फार आवडते. केविन पार्सन हा सेमिनरीचा (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचा) विद्यार्थी गाडीने घरी निघालाय. मोबाईल वाजतो. पलीकडचा आवाज एक कोडं घालतो आणि बजावतो: तीन मिनिटांत तुझं पाप जगासमोर कबूल कर, नाहीतर गाडी उडवीन. कुठलं पाप, हेच केविनला उमगत नाही! पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, आपण उपासनेत नेहमीच म्हणतो, पण तो म्हणताना छातीत धडधडावं असं या कादंबरीनंतर मला पहिल्यांदा वाटलं. (ज्यांनी वाचली आहे त्यांनी कृपा करून इथे शेवट फोडू नका.)

फ्रँक पेरेटीची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' (१९८६) घ्यायचीच आहे. अ‍ॅश्टन नावाचं लहानसं गाव, तिथला पाळक आणि स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक एका कारस्थानाचा माग काढतात, आणि वर देवदूत व दुरात्मे लढत असतात. विश्वासणारे प्रार्थना करतील तसं देवदूतांना बळ मिळतं, ही कल्पना जबरदस्त आहे. पण कोवळ्या वयात ती वाचून प्रत्येक अडचणीत सैतान दिसू लागू नये, म्हणून ही संघात एकत्र वाचून चर्चा करावी असं माझं मत.

डी हेंडरसनची 'द निगोशिएटर' मुलींना नक्की आवडेल. केट ओमॅली शिकागोत ओलिसांच्या सुटकेसाठी वाटाघाटी करणारी पोलीस अधिकारी. सात अनाथ मुलांनी एकमेकांना भावंडं मानून बांधलेलं तिचं कुटुंब, त्यात धाकट्या जेनिफरचं आजारपण. केटचे देवाविषयीचे प्रश्न तिथून येतात, म्हणून खरे वाटतात. प्रेमकथेचा भाग जरा लांबलाय, पण चालेल.

स्टीव्हन जेम्सची पॅट्रिक बॉवर्स मालिका मी मोठ्यांच्या कप्प्यात ठेवणार. कथानक पक्कं आहे, पण मालिका-खुन्याची वर्णनं सोळा वर्षांच्या मुलांना नकोत.

आता तुमच्याकडून हवं आहे ते असं. टेरी ब्लॅकस्टॉक, लिनेट ईसन, आयरिन हॅनन यांचं एकेकच पुस्तक घेता येईल, तर कुठल्यापासून सुरुवात करावी? चेस्टरटनच्या फादर ब्राऊनच्या कथा आमच्याकडे आहेत. पापी माणसाचं मन ओळखून गुन्हा उलगडणारा असा धर्मगुरू कुणा आताच्या लेखकाच्या कादंबरीत आहे का? आणि मराठीत? बाबा पदमनजींच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटन'पासून मराठी कादंबरीशी आपलं नातं आहे, पण ती विधवांच्या दुःखाची कथा. वसई किंवा नगरकडच्या ख्रिस्ती घरात घडणारी रहस्यकथा कुणी वाचली असेल तर जरूर कळवा, जुनी असली तरी झेरॉक्सची सोय करू.

पुस्तक सुचवताना कुठल्या वयाला चालेल आणि भारतात छापील प्रत सहज मिळते का, एवढं लिहिलंत तर फार मदत होईल. मुलांकडे किंडल नाही, त्यामुळे ई-बुक उपयोगाचं नाही.