शिरस्त्राणाचा सिलिकॉन साचा अर्धा चिकटच राहिलाय (८ नग हवेत, गणपतीच्या आत)

खारेगावकर:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा पन्हाळ्याच्या वेढ्यावर छोटं नाटक बसवतोय. पोरं हौशी आहेत, संवाद पाठ झालेत, घोडं अडलंय ते कपडेपटात. सिद्दी जौहरच्या सैन्यात आठ जण आहेत, त्यांना एकसारखी शिरस्त्राणं पाहिजेत. भाड्याची बघून आलो तर पत्र्याची, गंजकी आणि पोरांच्या पार डोळ्यांवर येणारी, म्हणून म्हटलं एक घरीच करू आणि त्याचा साचा काढू.

एक झालंय. फुग्यावर पेपरचे तुकडे फेविकॉलने लावत लावत घुमट केला, खाली जाड फोमची पट्टी, वरून पुट्टी मारून घासलं, बोटांची सालं निघाली पण जमलंय. कपाळावरच्या पट्टीला वेलबुट्टीची नक्षी केलीय ती प्लास्टिसिनमध्ये, पोरांची रंगीत क्ले घरात पडलीच होती. घेर ६६ सेंमी, उंची साडेबावीस, वरचा भाला आणि नाकपट्टी वेगळी करून नंतर चिकटवणार.

आता रडगाणं. ऑनलाइन एक किलोचा सिलिकॉनचा सेट मागवला, ए आणि बी दोन डबे, समान भाग घ्यायचे. काट्यावर मोजून घेतलं, ब्रशने पहिला कोट मारला. घुमटावर मस्त रबर झालं, पण नक्षीच्या पट्टीवर तीन दिवस झाले तरी काकवीसारखं चिकट. शिवाय घुमटावर चार-पाच ठिकाणी जिथे हवा काढायला मी बोटाने दाबलं होतं तिथे पण तसंच. डब्यावर तर २४ तास लिहिलंय. बायको म्हणते पाऊस आहे, काहीच वाळत नाही घरात, टॉवेल वाळत नाहीत तिथे तुझं रबर काय वाळणार. खरंच पावसामुळे का? आणि पुढे ब्रशनेच लावू की बादलीत ठेवून वरून ओतू? अजून किती किलो मागवावं लागेल?

ऐरोलीचा_कॉसप्लेवाला:
दादा पाऊस निर्दोष आहे 😄 एक प्रश्न, हातात कुठले ग्लोव्ह्ज होते? पांढरट, पावडरवाले, मेडिकलमधले?

खारेगावकर:
हो तेच. का रे?

ऐरोलीचा_कॉसप्लेवाला:
मग झालं, दोन्ही चोर सापडले. समान भागात मिसळायचं म्हणजे तुमचं सिलिकॉन बहुतेक प्लॅटिनमवालं आहे. त्यात प्लॅटिनमचा कॅटलिस्ट (म्हणजे सेट करवणारं रसायन) असतो आणि त्याला गंधक अजिबात चालत नाही, गंधकाला नुसतं टेकलं तरी तेवढ्या जागी सेट व्हायचं थांबतं. बऱ्याच प्लास्टिसिनमध्ये गंधक असतं, आणि लॅटेक्सच्या ग्लोव्ह्जमध्येही असतं, म्हणून जिथे बोट लागलं तिथे चिकट. माझं पहिलं हेल्मेट असंच गेलं होतं, मी तर डब्यालाच शिव्या घालत बसलो होतो.

चिकट राहिलेलं आता कितीही दिवस ठेवा सेट होणार नाही, पंखा हेअरड्रायर काही नाही. जेवढं रबर झालंय ते सोलून काढा, बाकीचं टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. यापुढे नायट्राइल नाहीतर व्हायनलचे ग्लोव्ह्ज. ताजी इपॉक्सी पुट्टी असेल तिथेही हाच त्रास होऊ शकतो, ती नीट कडक होऊ द्या. क्लेवर लॅकरचा स्प्रे मारून बघतात काही लोक पण ते कधी चालतं कधी नाही. काहीही नवीन असलं की आधी मागच्या बाजूला चमचाभर लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी बोट लावायचं, मगच पुढे.

रबाळे_फायबर:
वर बरोबर सांगितलंय. आमच्या लाइनीत म्हणूनच टिनवालं सिलिकॉन वापरतात, त्याला गंधकाचं काही नाही. एका डब्यात जाड पांढरं रबर आणि छोट्या बाटलीत कॅटलिस्ट, साधारण दोन ते पाच टक्के, डब्यावर जे लिहिलंय तेच, अंदाजाने थेंब टाकू नका. पाऊस म्हणाल तर उलट आहे, टिनवालं हवेतल्या ओलाव्यावरच पकडतं, जुलैत ते मिक्स करून चहा प्यायला गेलात तर भांड्यातच गोळा होतो.

आता बादली. तुमच्या मापाला ३० सेंमी रुंद, ३३ उंच डबा धरला, त्यातून टोपाचं आकारमान वजा केलं तरी सिलिकॉन लागतं १९ किलो. एकोणीस. नाटकाचं बजेट तिथेच संपलं. ब्रशनेच लावायचं. तुमच्या टोपाचं क्षेत्रफळ धरा दीड हजार चौरस सेंमी, ६ मिमी जाडी, म्हणजे एक किलोच्या आसपास, भांड्याला-ब्रशला चिकटून जातं ते धरून सव्वा ते दीड किलो.

पद्धत अशी की टोप बोर्डवर पक्का बसवायचा, खालची फट मातीने बुजवायची, भोवती चार बोटं कॉलर सोडायची. पहिला कोट पातळ, ब्रशने टोचत टोचत मारायचा, नक्षीच्या खाचेत हवा राहिली की तिथे प्रत्येक नगावर फोड येणार, म्हणजे आठही सैनिकांना कपाळावर पुळी. बोटाला चिकटतं पण बोटावर येत नाही असं झालं की दुसरा कोट, त्यात चिमूटभर रंग टाका म्हणजे कुठे पातळ राहिलंय ते दिसतं. तिसऱ्याला एरोसिल (घट्टपणा आणणारी हलकी सिलिका पावडर) टाकून मलईसारखं घट्ट करा नाहीतर घुमटावरून सगळं खाली कॉलरवर येऊन बसतं, त्यातच मेडिकलमधलं गॉज दाबा, साचा फाटत नाही. वरून दोन भागात कडक कवच, पीओपी बँडेजचं चालेल, मधल्या जोडाला व्हॅसलीन विसरलात तर छिन्नी शोधावी लागेल. कवच नसेल तर नुसतं सिलिकॉन म्हणजे पायमोजा, आत काही भरलं की कुठेही फुगतं.

साच्यात आतून जेलकोट (रेझीनचा गुळगुळीत पहिला थर), मग ३०० ची फायबरग्लास मॅट दोन थर, पॉलिस्टर रेझीनमध्ये भिजवून. एक टोप चारशे ग्रॅमच्या आसपास होतो, पोरांनी आपटला तरी काही होत नाही. रेझीन-मॅट सुटं विकणारे आमच्या रबाळे-महापे पट्ट्यात मिळतात. फक्त एक लक्षात ठेवा, अॅक्सिलरेटर (तो जांभळा कोबाल्ट) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका होतो. आधी एक रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग दुसरा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावूनच काम.

गडभटक्या_नेरुळ:
साच्यातलं काही कळत नाही, पण मावळ्यांना चुकून ही शिरस्त्राणं घालू नका हां, पागोटी बांधा. दरवर्षी कुठे ना कुठे मावळ्याच्या डोक्यावर चकचकीत टोप दिसतो आणि माझा गणपती तिथेच संपतो.

खारेगावकर:
नाही हो, मावळ्यांना पागोटीच आहेत, जुन्या साड्या फाडून झाल्यात. @रबाळे_फायबर दादा माहिती एक नंबर, पण मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, गॅलरी चार बाय आठची. मागे नुसता ऑइलपेंट मारला तर वरच्या काकू वास येतो म्हणून नाकाला पदर लावून खाली आल्या होत्या, रेझीन केलं तर सेक्रेटरीलाच घेऊन येतील.

पेणची_लेक:
मी माहेरची पेणची, वडिलांचा गणपतीचा कारखाना, आता राहते कोपरखैरण्याला. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो दादा, साध्या घुमटाला सिलिकॉन कशाला? घुमटाला ना नाक ना कान ना सोंड, साचा अडकणार कशात? सिलिकॉनचे पैसे नक्षीला द्यायचे, गुळगुळीत भागाला पीओपी पुष्कळ झाला. आमच्याकडे सोंड, बोटं, दागिने असले की रबर, नाहीतर पाट-बैठकीला कोण रबर घालतंय.

नक्षीची पट्टी काढून टाका. घुमटाला पॉलिश किंवा वॉर्निश मारा, वर तेलाचा हात फिरवा, आणि पीओपीचा दोन भागांचा साचा घ्या, पुढचा आणि मागचा. एका भागात घेऊ नका, तुमच्या बाजू सरळ उभ्या आहेत, टोप आत रुतून बसेल. पीओपीत काथ्या घाला, साचा हलका होतो आणि तडकत नाही.

आत कागदाचा लगदा दाबायचा. रद्दी दोन दिवस भिजत घाला, मिक्सरला फिरवा (भांडं वेगळं ठेवा, नाहीतर घरात महाभारत), पिळून घ्या, व्हाइटिंग पावडर (खडूची भुकटी) आणि फेविकॉल घालून कणकेसारखं मळा. बुरशी लागू नये म्हणून मोरचूद घालायची पद्धत आहे पण ते विषारी, पोरांच्या डोक्यावर जायचंय तर नकोच. अर्धा सेंमी जाडीचा थर दाबला की पीओपी पाणी ओढून घेतो आणि लगदा कडेने आपोआप सुटायला लागतो. हेच सिलिकॉनमध्ये केलंत तर पाण्याला जायला वाटच नाही, आठवडाभराने उघडाल तेव्हा आत आंबलेलं निघेल. लागोपाठ दोन काढले की साचा पण भिजतो, मग एक दिवस पंख्याखाली ठेवायचा. सात आठवडे आहेत ना, आठ नग आरामात होतील. आणि वास फक्त ओल्या रद्दीचा.

ऐरोलीचा_कॉसप्लेवाला:
ताई भारीच. मग नक्षीचं मी सांगतो. दादा, वेलबुट्टी तीच तीच पुन्हा येते ना? मग ६६ सेंमीची अख्खी पट्टी करूच नका, २२ सेंमीचा एकच तुकडा करा, तीन जोडले की एक टोप. त्याला सिलिकॉन लागेल पाव किलो, म्हणजे उरलेल्या सेटमध्येच होऊन जाईल, नवीन काही मागवू नका. तुकडा काचेवर आडवा ठेवायचा, भोवती पुठ्ठ्याची भिंत, आणि एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओतायचं म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. हां, सिलिकॉन काचेला पकडतं, आधी काचेवर पॅकिंगची टेप लावून घ्या.

आणि साच्यात काय भरायचं तर ग्लू गनची कांडी. हसू नका, सिलिकॉनला उष्णता चालते, गार झालं की सटकन निघतं आणि पट्टी वाकते, गोल टोपाला तशीच बसते. लहान तुकडा म्हणून सांगितलं कारण लांब पट्टीत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक गार होतं आणि मध्ये रेघ येते. फक्त भरताना बोट घालू नका, फोड येतो, अनुभव आहे.

पेणची_लेक:
आणि नक्षी शाडूत करा हो, ते प्लास्टिसिन पोरांना परत द्या. शाडूची कड किती छान धरते.

रबाळे_फायबर:
कागदी टोप पहिल्या लढाईत चेपणार हे माझं मत, लिहून ठेवा. पण गॅलरीत फायबर घासू नका हेही खरं, त्याची खाज आठवडाभर जात नाही आणि कपडे धुतलेल्या मशीनमधून अख्ख्या घराला लागते. एक मात्र बघा, वेढ्यातून निसटले ती रात्र पावसाची आहे, १२-१३ जुलै १६६०. स्टेजवर पाणी उडवणार असाल तर लगद्याला आतून-बाहेरून वॉर्निश मारा.

खारेगावकर:
पाणी नाही उडवत, मागे एक जण पत्रा हलवणार आणि दुसरा सुपात तांदूळ पाखडणार, झाला पाऊस. ताईंच्या आणि ऐरोलीच्या मार्गानेच जातो. शनिवारी शाडू आणतो.

खारेगावकर: (तीन आठवड्यांनी)
अपडेट देतो, कारण मागे लागून विचारलं आणि मग गायब झालो असं नको.

शाडूवर चमचाभर सिलिकॉन लावून बघितलं, रात्रीत खडखडीत सेट. मग अख्खा तुकडा ओतला, सोलताना अक्षरशः शेजाऱ्याला बोलावून दाखवला, माझ्या बोटाचा ठसा एका पानावर राहिला होता तोसुद्धा आलाय. म्हणजे आता २४ तुकड्यांवर माझा अंगठा आहे, अर्ज भरल्यासारखा. ग्लूच्या पट्ट्या १७ झाल्यात, पहिल्या चार फेकल्या, घाई केली की मधल्या फुलात हवा राहते.

टोप पाच निघाले. पहिला साच्यातून काढताना जोडावर फाटला, लगदा फार ओला होता, पिळायला कंटाळा केला होता त्याचं फळ. चौथ्यापासून हात बसला. पण एक गोष्ट कुणी बोललं नव्हतं, लगदा वाळून आकसतो! ६६ चा घेर ६४ च्या आसपास झालाय, त्यामुळे तिसरी पट्टी दोन सेंमी कापावी लागते. मागच्या बाजूला जोड घेतोय, प्रेक्षकांना दिसणार नाही, पण मला दिसतंय. डोक्याला बसतात मात्र छान, आतून फोमचे तीन तुकडे लावले. @रबाळे_फायबर दादा, एक टोप मुद्दाम जिन्यावरून सोडला, आठ पायऱ्या, फक्त कडेला पोचा आला.

आता रंग. सिल्व्हर स्प्रे मारला तर बर्फीवरच्या वर्खासारखं दिसतंय, लोखंड वाटत नाही. काय करू?

पेणची_लेक:
आकसणार ते सांगायचं राहिलंच की, सॉरी हो. आम्ही मूळ नगच थोडा मोठा घेतो, ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं सुचत नाही.

रबाळे_फायबर:
जिन्याचं मान्य. रंगाला आधी सगळा काळा मारा, मॅट. पूर्ण वाळला की अॅल्युमिनियम पेंट फडक्याला अगदी थोडा घेऊन, पेपरवर पुसून टाकून, जो उरतो तो नुसता उंच भागावर घासत न्या. खाचेतला काळा तसाच राहू द्या, नक्षी त्यानेच उठते. गंज पाहिजे तर कडेला गेरू.