मदत हवी आहे: प्लेटची कड हजार किलोमीटरवर, मग दिंडोरी-कळवणात धक्के कशाने?

म्हसरूळकर:
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, भूगोलात ‘अंतर्गत हालचाली’ चालू आहे आणि घरात उलटतपासणी माझी होते. मी कॉमर्सवाला, पहिल्या दोन प्रश्नांतच हात टेकले.

भूकवच मोठाल्या तुकड्यांचं (प्लेट्सचं) आहे, ते सरकतात आणि बहुतेक भूकंप त्यांच्या कडांवर होतात, इथवर ठीक. पण भारतीय प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकते म्हणे. रोज सरकतेच आहे, तर शंभर वर्षं शांतता आणि मग मिनिटभरात हाहाकार, हे कसं? शिवाय हिमालय कुठे, नाशिक कुठे! तरी दिंडोरी, पेठ, कळवण, सुरगाण्याकडे अधूनमधून सौम्य धक्क्यांची बातमी येतेच. गावाकडे सगळे धरणावर खापर फोडतात. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

काळा_कातळ:
प्लेट सरकते, पण तिची कड अडकलेली असते. सगळी गोम तिथे आहे.

कडेवर दोन्ही बाजूंचे खडक घर्षणाने एकमेकांना धरून बसतात. मागचा रेटा थांबत नाही, त्यामुळे कडेजवळचा खडक न तुटता वाकत जातो. घर्षण हरलं की भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या सरकणाऱ्या भेगेवर, तो सटकतो आणि वाकलेला भाग झटक्यात सरळ होतो. भूकंपाच्या लाटा निघतात त्या तेव्हा. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात शेतांची सरळ कुंपणं भ्रंशावर तुटून काही मीटर बाजूला गेली होती. तिथल्या मोजण्यांवरून हॅरी फील्डिंग रीड यांनी हा खुलासा मांडला.

तुमच्या भाषेत ही थकबाकी आहे. त्या ५ पैकी साधारण २ सेंटीमीटर हिमालयाच्या वाट्याला येतात, बाकीचे तिबेटात आणि पलीकडे जिरतात. २०० वर्षं कड अडकून राहिली तर ४ मीटर बाकी, आणि वसुली एकरकमी.

लेकीला हेही सांगा की खोलवर खडक तापून मऊ होतो आणि तुटण्याऐवजी वाहतो. म्हणून खंडांवरचे बहुतेक भूकंप वरच्या १५-२० किलोमीटरमधले. जपानकडे थंड समुद्रतळ खाली बुडत जातो, त्या पट्ट्यांत भूकंप पार ७०० किलोमीटर खोलीपर्यंत जातात.

पंचवटीचा_पाहुणा:
आणि किल्लारी? तिथे कुठली कड होती?

काळा_कातळ:
कुठलीच नव्हती. आपली प्लेट दक्षिणेकडून रेटली जातेय आणि उत्तरेला अडलीय, म्हणजे मधला सगळा भाग दाबाखाली आहे, नाशिकसुद्धा. त्यात प्लेट काही एकसंध नाही. नर्मदा-तापीच्या पट्ट्यासारख्या जुन्या कमकुवत जागा आहेत, आणि वरून ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाने त्यांतल्या कितीतरी झाकून टाकल्यात. कोयनेजवळ खोल वेध घेतला तेव्हा बेसाल्टच (थिजलेल्या लाव्हाचा खडक) सव्वा किलोमीटर निघाला! खालच्या भेगा वरून दिसणार कशा?

कडेवर ताण लवकर भरतो, आत फार सावकाश. त्यामुळे इकडे भूकंप कमी, पण बेसावधपणा जास्त. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला ६.२ तीव्रतेचा धक्का बसला, तोवर लातूर भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता.

धरणाचं म्हणाल, तर कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ चा भूकंप जलाशयाशी जोडला जातो. पाणी भेगांत मुरतं, त्याचा दाब खडकांची पकड सैल करतो. पण ताण आधीपासून साठलेला लागतो. धरण निमित्त होतं, ताकद प्लेटच्या रेट्याची. आपल्याकडच्या प्रत्येक धक्क्याचं बिल मात्र धरणावर फाडू नका. त्यासाठी धक्क्याची जागा, खोली आणि जलाशयाची पातळी शेजारी शेजारी मांडून बघावं लागतं. असल्या नोंदी ठेवणारी मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) तुमच्या म्हसरूळच्या वाटेवरच आहे की!

म्हसरूळकर:
आता डोक्यात शिरलं, आभारी आहे. जाता जाता एक. काकांना दिंडोरीत दुमजली घर बांधायचंय. काय बघायचं?

साइटवरचा_भाऊ:
इथे मी बोलतो. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या नकाशात नाशिक झोन ३ मध्ये होतं. इंजिनिअरकडून सध्या लागू असलेल्या आवृत्तीप्रमाणे डिझाइन घ्या आणि कॉलमच्या रिंगा (उभ्या सळ्यांना बाहेरून आवळणाऱ्या) आयएस १३९२० या सळ्यांच्या मांडणीच्या मानकाप्रमाणे मागा. रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वाकवलेलं हवं. सळ्या बांधणारा फिटर ९० अंशांत वाकवून मोकळा होतो, मग हादऱ्यात रिंग उघडते आणि कॉलम फुटतो. काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी काकांना स्वतः जाऊन बघायला सांगा. कॉलम भरल्यावर कोणाला काही दिसत नाही.