रेड अलर्ट दिला आणि पाऊस झालाच नाही : इशारा चुकला, की आपण तो पुरता वाचला नाही?

धागाकर्ता (कोथरूड)

दर पावसाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. पुणे जिल्ह्याला रेड अलर्ट जाहीर होतो, शाळांना सुट्टी मिळते, दुपारी कर्वे रस्त्यावर लख्ख ऊन पडते आणि हवामान खात्याच्या नावाने बोटे मोडणे सुरू होते. माझे स्पष्ट मत आहे की अशा बहुतेक दिवशी इशारा चुकलेला नसतो. आपण रंग पाहून थांबतो, त्याखालचे दोन ओळींचे वर्णन वाचत नाही.

रंग म्हणजे पावसाचे मोजमाप नव्हे. मोजमापाची वर्गवारी वेगळी आहे : चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. रंग ठरवताना पाऊस किती पडेल याबरोबरच तो पडण्याची शक्यता किती आणि पडला तर नुकसान किती, हेही विचारात घेतले जाते. त्यामुळे किरकोळ त्रास जवळजवळ निश्चित असेल तरी यलो मिळू शकतो आणि मोठ्या त्रासाची शक्यता थोडी असेल तरी यलोच मिळू शकतो. पिवळा रंग सावध राहून पुढची माहिती घेत राहा असे सांगतो, नारिंगी सज्ज राहा असे सांगतो आणि लाल रंग प्रत्यक्ष कृती करा असे सांगतो.

त्यात आपला जिल्हा सह्याद्रीच्या माथ्यापासून इंदापूर-बारामतीच्या कोरड्या पट्ट्यापर्यंत पसरलेला. शिवाजीनगरला वर्षभरात साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो. ताम्हिणी घाटात त्याच्या कित्येक पट. अलीकडे इशाऱ्यात घाट भागाचा उल्लेख वेगळा केला जातो, पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रात तो गळून पडतो आणि उरतो तो फक्त 'पुणे, रेड'. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : पावसाची दैनिक नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी होते. म्हणजे बुधवारी रात्री कोसळलेला पाऊस गुरुवारच्या आकड्यात दिसतो, आणि बुधवारचा इशारा फसला असे लोक ठरवून मोकळे होतात.

प्रतिसाद : कात्रजकर

आपण दिलेली माहिती बरोबर आहे; त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. इशारा नीट वाचण्याचा सगळा भार नागरिकांवर टाकणे हे देणाऱ्याची जबाबदारी हलकी करण्यासारखे आहे.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवून पाहा. काही तासांच्या पावसाने आंबिल ओढा कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत घराघरांत शिरला आणि शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. जिल्ह्यासाठी आणि अख्ख्या दिवसासाठी दिलेला कोणताही रंग टांगेवाला कॉलनीतल्या माणसाला 'आत्ता घरातून बाहेर पड' असे सांगू शकला नसता. वर्णन वाचले असते तरी त्याच्या हाती काय लागले असते?

दुसरे असे की, खोट्या ठरलेल्या इशाऱ्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. नोकरदाराला घरून काम करता येते. मंडईबाहेर पथारी मांडणाऱ्या बाईंचा मात्र त्या दिवसाचा धंदा बुडतो. तीन वेळा रेड अलर्ट पाळून नुकसान सोसल्यावर चौथ्या वेळी त्या पथारी मांडणारच, आणि त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तालुका नव्हे, प्रभागाच्या पातळीवर इशारा मिळाला पाहिजे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

प्रतिसाद : नदीकाठ, सिंहगड रस्ता

मला दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण आमच्याकडे पूर येतो तो आमच्या डोक्यावर पडलेल्या पावसाने येत नाही. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंत शिवाजीनगरला सुमारे ११४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे वरच्या वर्गवारीत 'अति मुसळधार'सुद्धा नाही. त्याच काळात ताम्हिणीत साडेपाचशेहून अधिक मिलिमीटर पडला होता. खडकवासला धरणाची साठवणक्षमता जेमतेम दोन टीएमसी (अब्ज घनफूट). वरच्या पानशेत, वरसगाव, टेमघर धरणांच्या बाजूने येणारे पाणी ते थोपवणार किती? विसर्ग, म्हणजे धरणातून नदीत सोडलेले पाणी, पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास गेला आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पहाटे लोक झोपेत असताना पाणी शिरले. त्याच दिवशी पुलाची वाडी येथे हातगाडी हलवताना तीन तरुणांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. तेव्हा शहराच्या पर्जन्यमापकावरून इशारा खरा की खोटा हे ठरवणे मुळातच चूक आहे.

आमच्या दृष्टीने खरा इशारा विसर्गाचा, आणि तो येतो क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर, हे पाठ असूनही पंचवीस हजार क्युसेकला पाणी माझ्या जिन्याच्या कितव्या पायरीला लागेल हे मला त्यातून कळत नाही. म्हणून आमच्या सोसायटीने फाटकाच्या खांबावर रंगाच्या रेषा मारल्या आहेत, आणि प्रत्येक मोठ्या विसर्गाला पाणी कोणत्या रेषेपर्यंत आले हे रखवालदार वहीत लिहून ठेवतो. त्या वहीवरून आम्ही ठरवतो की गाड्या केव्हा वर न्यायच्या, मीटरच्या खोलीचा मुख्य स्विच केव्हा बंद करायचा आणि तळमजल्यावरच्या आजोबांना कोणाच्या घरी हलवायचे. हे काम रहिवाशांनी वहीत करण्याचे नाही. विसर्गाच्या घोषणेतच 'इतक्या क्युसेकला अमुक रस्ता, अमुक वसाहत पाण्याखाली' असे लिहून आले पाहिजे.

प्रतिसाद : मुळशीकर

घाटात राहणाऱ्यांच्या वतीने थोडे. आपल्याला 'वाया गेलेला' वाटणारा रेड अलर्ट आमच्याकडे सहसा वाया गेलेला नसतो. त्या दिवशी शहरात ऊन असते म्हणूनच शनिवारी गाड्यांची रांग ताम्हिणीकडे लागते.

रंगांबाबत माझा आक्षेप वेगळाच आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. दरड एका दिवसाच्या पावसावर ठरत नाही. आधीच्या दिवसांत डोंगर किती मुरला आहे यावर ठरते. चार दिवस संततधार झाल्यावर आलेला ऑरेंज हा पहिल्याच दिवशी आलेल्या रेडपेक्षा आम्हाला जास्त धोक्याचा असतो, आणि रोज सकाळी फक्त नवा रंग पाहणाऱ्याला हे कधीच उमगणार नाही. उतारावर नवी भेग दिसली किंवा झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर मोबाइलवर हिरवा असला तरी वाडी रिकामी करावी.

धागाकर्ता (कोथरूड)

मुळशीकरांचा मुद्दा माझ्या मांडणीत नव्हता. तो महत्त्वाचा आहे. कात्रजकरांशी मात्र मी सहमत नाही. गडगडाटी पावसाचा ढग नेमका कोणत्या प्रभागावर फुटेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. तशी मागणी मान्य झाली, तर आपल्याला प्रभागाचे नाव असलेला पण आधार नसलेला अंदाज मिळेल आणि त्यावरचा विश्वास आणखी लवकर उडेल. अशा पावसासाठी नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा अंदाज, असतो. तो दिवसाच्या रंगापेक्षा गंभीर असू शकतो आणि तेव्हा तोच प्रमाण मानावा. विजेसाठी आपल्याच पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी ॲप आहे. शिवाय मोबाइल टॉवरच्या कक्षेतील सगळ्या फोनवर एकदम वाजणारा सेल ब्रॉडकास्टचा इशारा आता देता येतो. त्याला इंटरनेट लागत नाही आणि नंबर नोंदवावा लागत नाही. तसेच शाळेची सुट्टी हवामान खाते देत नाही, जिल्हा प्रशासन देते. त्या निर्णयाचा राग अंदाजावर काढू नये.

प्रतिसाद : कात्रजकर

आदल्या दिवशी प्रभाग सांगता येत नाही, हे मान्य. मग तीन तासांच्या इशाऱ्यावर उभी राहणारी व्यवस्था तरी प्रभागाची हवी. रात्री नऊ वाजता नाऊकास्ट आला, तर ओढ्याकाठची कोणती गल्ली कोण रिकामी करणार, कोणती शाळा उघडून मिळणार आणि तिची किल्ली कोणाकडे असणार, हे मे महिन्यातच ठरलेले असले पाहिजे आणि गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. हे ठरलेले नसेल, तर फोन कितीही मोठ्याने वाजला तरी माणूस दारात उभा राहून पाण्याकडेच पाहत राहील. म्हणून लोक नीट वाचत नाहीत, हा आपला मुख्य आरोप मला अजूनही मान्य नाही.

प्रतिसाद : नदीकाठ, सिंहगड रस्ता

किल्लीचा मुद्दा अगदी योग्य आहे. आमच्या वहीतील रेषा आणि विसर्गाचे आकडे मी उद्या येथे देतो. विठ्ठलवाडी, पुलाची वाडी, पाटील इस्टेट या भागांतील कोणाकडे अशा नोंदी असतील तर त्यांनीही द्याव्यात. सगळ्यांचा मिळून एक तक्ता झाला, तर तो पुढच्या पावसाळ्याआधी क्षेत्रीय कार्यालयात नेऊन देता येईल.