नुसतं पाणी ओतून वणवा विझत नाही

हेलिकॉप्टरं हाताशी असताना वीज पडून लागलेली आग पहिल्याच दिवशी का विझवत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. पण वरून ओतलेल्या पाण्याने ज्वाळा बसतात, आग मरत नाही. पाचोळ्याखाली, पडलेल्या ओंडक्याच्या पोटात निखारा धुमसत राहतो. तिथे माणूसच लागतो. कुदळीने खरवडून कोरी माती उघडी करायची, राख उलथायची, हाताची पाठ जवळ नेऊन धग तपासायची.

आणि माणूस पोचवायचा कसा? ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१९ मध्ये वॉलेमाय राष्ट्रीय उद्यानात वीज पडून गॉस्पर्स माउंटनचा वणवा लागला. वालुकाश्माच्या खोल घळी, रस्ता नाही, त्यात दुष्काळाने वाळलेलं रान. ५ लाख हेक्टरांहून जास्त जळालं. डिसेंबरात माउंट विल्सनजवळ आग अडवायला मुद्दाम लावलेली प्रतिआगही हाताबाहेर गेली.

तरी एक काम फार मोलाचं झालं. १९९४ साली सापडलेल्या वॉलेमाय पाइन या अतिदुर्मिळ, प्राचीन वंशाच्या वृक्षाची जंगलातली मोजकीच झाडं तिथल्या एका घळीत आहेत. जागा आजही गुप्त ठेवलेली. आगीशी लढणारे हेलिकॉप्टरमधून दोराने खाली उतरले, झाडांभोवती तुषार सिंचन बसवलं, जमीन भिजवली. विमानांनी आसपास अग्निरोधक द्रावण टाकलं. काही झाडं होरपळली, बहुतेक वाचली. अशा दुर्गम भागात सगळीकडे लढता येत नाही. काय वाचवायचं ते आधी ठरवावं लागतं, आणि माझ्या मते तो निर्णय तिथे अगदी योग्य होता.