शब्दचर्चा: कानाची ‘प्रतवारी’ की ‘वर्गीकरण’?

गोदाकाठ: ऐकण्याच्या तपासण्यांना संख्याशास्त्र लावून श्रवणदोष कसे ओळखतात, यावरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘क्लासिफिकेशन’पाशीच गाडी अडली. वर्गीकरण म्हणू की प्रतवारी? मी परभणीचा, प्रतवारी म्हटलं की मला थेट मोंढाच दिसतो.

तिफण: मग मोंढ्यातच उत्तर आहे की. सोयाबीनच्या ढिगांना एक नंबर, दोन नंबर लावतात ती प्रतवारी. माल एकच, कस कमीजास्त. सोयाबीन इकडं, तूर तिकडं, हे वर्गीकरण. कानाचं दोन्ही होतं. ऐकू यायला आवाज निदान किती मोठा लागतो ते डेसिबलमध्ये मोजतात; जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालात 20 ते 35 डेसिबल सौम्य, 35 ते 50 मध्यम, अशा पायऱ्या चढत 95 च्या पुढं पूर्ण बहिरेपण येतं. ही प्रतवारी. दोष कानाच्या कुठल्या भागात आहे, हे वर्गीकरण.

नांदेडची ताई: मी रोज ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचे आलेख, काढते. खरं सांगू का, आमचे पेशंट अर्धं वर्गीकरण दारातच करून येतात. ‘म्याडम, कानाला दडे बसलेत’ म्हणणाऱ्याचा दोष बहुतेक वेळा बाहेरच्या नाहीतर मधल्या कानात निघतो: मळ असतो, नाहीतर पडद्यामागं पाणी. ‘आवाज येतोय, पण बोलणं कळंना गेलंय’ म्हटलं की आतला कान किंवा नस. मग तपासणीचं मशीन लावायचं, आवाज एकदा हेडफोनमधून हवेतून आणि एकदा कानामागच्या हाडावरून द्यायचा. हवेतून ऐकणं घसरलंय पण हाडावरून शाबूत, तर वहनदोष. दोन्ही बरोबरीनं घसरलं, तर चेतादोष. दोन्ही घसरूनही मध्ये फरक उरला, तर मिश्र.

इथपर्यंत भांडण नाही. गोंधळ चेतादोषाच्या पोटात आहे. जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं राबलेल्याचा आलेख 4000 हर्ट्झच्या, म्हणजे चढ्या पट्टीतल्या आवाजाच्या, आसपास खड्ड्यात जातो आणि 8000 ला जरा वर येतो. वयामुळं गेलेल्या कानाला खड्डा नसतो, उतार असतो. आता सत्तरीचा जिनिंग कामगार आला की खड्डा उतारातच बुडतो. तिथं मी एक नाव लिहिते, माझे सहकारी दुसरं.

गोदाकाठ: लेख नेमका तिथंच शिरतो. एक रीत अशी की जाणकारांनी नावं लावलेले आलेख दाखवून मॉडेलला, म्हणजे संगणकातल्या संख्याशास्त्रीय सूत्राला, शिकवायचं. दुसरीत नाव काहीच सांगायचं नाही. ढीगभर आलेख द्यायचे आणि सारखे सारखे आपोआप एकत्र येऊ द्यायचे. 2010 मध्ये बिसगार्ड या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी ऑडिओग्रामच्या मोठ्या साठ्यातून असेच आधी 60 आणि मग 10 नमुने काढले, श्रवणयंत्रं तपासायला. या दुसऱ्या रीतीला काय म्हणावं?

तिफण: पहिलीला वर्गीकरण, दुसरीला गटबांधणी. ‘समूहन’ फार पुस्तकी. फक्त गटबाजी लिहू नका.

गोदाकाठ: आणि तज्ज्ञांचं जे ज्ञान मॉडेलमध्ये घालतात त्याला? ‘तज्ज्ञज्ञान’ म्हणताना जीभ अडखळते. मी ‘ठोकताळे’ लिहिलंय.

नांदेडची ताई: माझी इतकी वर्षं म्हणजे ठोकताळे होय!

तिफण: ताई, रागावू नका, शब्द तसा हलका नाही. आडत्या मूठभर दाणे दाताखाली धरून ओलावा सांगतो आणि मीटर जवळपास तेच दाखवतं, तोही ठोकताळाच.

नांदेडची ताई: बरं. पण मॉडेलमध्ये तो शिरतो कसा, तेही शब्दात यायला हवं. कान वाहणारं सहा वर्षांचं पोरगं आणि सत्तरीचे आजोबा, आलेख बघायच्या आधीच माझा संशय वेगवेगळ्या जागी असतो. आलेख आला की तो संशय पक्का होतो नाहीतर बदलतो.

गोदाकाठ: त्याला कच्च्या मसुद्यात ‘पूर्वसंभाव्यता’ केलंय. आता ‘आधीचा अंदाज’ करतो. आकडे आल्यावरचा तो ‘सुधारलेला अंदाज’. शीर्षक मात्र ‘बहिरेपणाचे वर्गीकरण’च ठेवू ना?

नांदेडची ताई: नको हो. 2016 च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांत 70 डेसिबलचा ऱ्हास असला तर बधिर, 60 ते 70 असला तर ऐकू कमी येणारे. माझ्याकडचे बरेच जण त्याच्याही अलीकडं असतात. त्यांना बहिरं म्हटलं की उठून जातात, श्रवणयंत्राचं नावही ऐकून घेत नाहीत. ‘कान जड झालेत’ म्हटलं की बसतात.

गोदाकाठ: ‘जड झालेल्या कानांचे वर्गीकरण’?

तिफण: लिहा बिनधास्त. संपादक ‘श्रवणऱ्हास’ करूनच छापतील.