मदत हवी आहे: १९७४ च्या वहीतली इंग्लिश बिटर, पण यातला गॅलन नेमका कुठला?

नेकारकाठी

नमस्कार मंडळी. मी श्टुटगार्टला राहते. घरी बिअर बनवायचा नाद लागून काही वर्षं झाली, पण आतापर्यंत सगळं जर्मन पद्धतीनं केलंय: किलो, लिटर, सेल्सिअस आणि वॉर्टची (माल्ट मुरवून काढलेल्या, अजून न आंबलेल्या गोड पाण्याची) घनता अंश प्लेटोमध्ये. आता पहिल्यांदाच दुसऱ्या देशाचा कागद हातात आलाय.

आमच्या मजल्यावर यॉर्कशायरच्या एक आजी राहतात. त्यांचे यजमान हौशी ब्रूअर होते. ते गेल्यावर त्यांची वही आजींनी जपून ठेवली होती, ती त्यांनी मला दिली. त्यातली १९७४ ची एक बिटर (कडवट इंग्लिश बिअर) आजींना फार आवडायची. डिसेंबरमध्ये त्यांचा ऐंशीवा वाढदिवस आहे आणि तेव्हा तीच बिअर त्यांच्या हातात द्यायची असं मी ठरवलंय. म्हणून अंदाजपंचे करायचं नाही.

पान असं आहे:

पेल माल्ट साडेआठ पौंड, क्रिस्टल माल्ट अर्धा पौंड. पाणी अडीच गॅलन, १६३ अंशावर, मॅश १५० अंशावर दीड तास. उकळताना सुरुवातीला गोल्डिंग्ज २ औंस, शेवटी फगल अर्धा औंस. जिप्सम १ चमचा. एकूण ५ गॅलन. ओ. जी. ४०. बाटल्या भरताना साखर पाऊण कप.

(नवख्यांसाठी: माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, मॅश म्हणजे ते गरम पाण्यात मुरवणं, गोल्डिंग्ज आणि फगल या बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सच्या जाती.) अंश म्हणजे फॅरनहाइट, हे उघड आहे (१५० म्हणजे साधारण ६५.५ सेल्सिअस). अडचण गॅलनची आहे. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटर, अमेरिकन ३.७८५. म्हणजे ५ गॅलन एकतर २२.७ लिटर, नाहीतर १८.९. जवळजवळ चार लिटरचा फरक! ब्रिटिश माणूस, तेव्हा ब्रिटिश गॅलनच असणार असं मीही आधी धरलं. पण आजी म्हणाल्या की वही लिहायला लागण्याआधी ते दोघं काही वर्षं अमेरिकेत, ओहायोत होते आणि बरीचशी भांडी तिथूनच आणलेली. शिवाय तो 'कप' मला खटकतोय.

कुणी सांगेल का, हे खात्रीनं कसं ठरवायचं?

लीड्सचा_विनू

ताई, फार चांगलं काम हाती घेतलंयत. आधी एक चिंता मिटवतो. पौंड आणि औंस हे वजनाचे असतील तर दोन्हीकडे एकच. १९५९ पासून पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय, औंस २८.३५ ग्रॅम. तेव्हा माल्ट ३.८६ किलो अधिक २३० ग्रॅम आणि हॉप्स ५७ ग्रॅम अधिक १४ ग्रॅम, यात वाद नाही. भांडण फक्त आकारमानाचं: गॅलन, पिंट आणि द्रव औंस.

हे असं झालं कारण इंग्लंडात पूर्वी वाइनचा गॅलन वेगळा आणि एलचा (म्हणजे बिअरचा) वेगळा होता. वाइनचा २३१ घन इंच, राणी अ‍ॅनच्या काळात १७०७ साली कायद्यानं पक्का झालेला. एलचा २८२ घन इंच. अमेरिकेनं वाइनचाच गॅलन पुढे चालू ठेवला. ब्रिटननं १८२४ मध्ये दोन्ही मोडीत काढून १० पौंड पाण्याचा इंपीरियल गॅलन आणला. देशावरची पायली आणि कोकणातली पायली असते ना, तशातली गत. नाव एक, माप ज्याचं त्याचं.

माझं मत इंपीरियलच. इथे आजही घरच्या बिअरचं किट ४० पिंटांचं म्हणून विकतात, म्हणजे बरोबर ५ इंपीरियल गॅलन. १९६३ पर्यंत इथे घरी बिअर बनवायला परवाना लागायचा. तो गेल्यावर सत्तरच्या दशकात घरोघरी हा छंद पसरला. ही वही त्याच काळातली दिसते.

डेट्रॉइट_देशमुख

मला उलट वाटतं. पाऊण कप साखर हे अमेरिकन हौशी ब्रूअरचं ठरलेलं माप आहे. ५ अमेरिकन गॅलनला पाऊण कप कॉर्न शुगर, हे इथे जुन्या लोकांना तोंडपाठ असतं. ब्रिटिश माणूस साखर औंसात लिहील. ओहायोतून भांडी आणली असतील तर बादलीवरच्या खुणाही अमेरिकनच असणार. मी तर १८.९ लिटर धरून चाललो असतो.

नेकारकाठी

दोघांचंही पटतंय, तीच पंचाईत! वहीत आणखी एक ओळ आहे: '३८ पिंट भरले.' यावरून काही कळेल का?

लीड्सचा_विनू

नुसत्या आकड्यावरून नाही कळणार. दोन्हीकडे ८ पिंटांचा एक गॅलन. ५ गॅलन म्हणजे इथेही ४० पिंट आणि तिथेही ४०. तळाच्या गाळात दोनेक पिंट जातात, म्हणून ३८. फक्त आमचा पिंट ५६८ मिलिलिटरचा (२० औंस) आणि त्यांचा ४७३ चा (१६ औंस).

व्लतावा

मी प्रागहून. ताई, तुमच्या पानावर सर्वांत मोलाची ओळ आहे 'ओ. जी. ४०'. आंबवण्याआधी वॉर्टची घनता १.०४० होती असा त्याचा अर्थ (पाणी १.०००, त्याच्या वरचे हे ४० अंश). माल्ट किती घातला ते माहीत आहे, घनता माहीत आहे. मग किती लिटर होतं ते उलट्या हिशोबानं काढता येतं.

एक किलो पेल माल्टमधून, सगळी साखर उतरली तर, एका लिटरमध्ये साधारण ३०० अंश घनता मिळते. क्रिस्टलमधून २८० धरा.

३.८६ गुणिले ३०० = ११५८
०.२३ गुणिले २८० = ६४
एकूण १२२२

घरच्या भांड्यात सगळी साखर कधीच उतरत नाही. नीट मॅश केलं तर ७५ टक्के उतरते, म्हणजे ९१६. आता भागा:

२२.७ लिटरला ४०.३
१८.९ लिटरला ४८.४

वहीत ४० आहे. इंपीरियल गॅलन चपखल बसतो.

पण एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नका. उतारा ७५ ऐवजी ६२ टक्केच असेल तर अमेरिकन गॅलननंही ४० येतात आणि ६२ टक्के उतारा मिळणारे ब्रूअर पुष्कळ आहेत. म्हणून दोन गोष्टी करा. वहीतल्या बाकीच्या पानांवर माल्ट आणि ओ. जी. लिहिलेली असेल तर तिथेही हाच हिशोब लावा. आणि आजींकडे त्या वेळची एखादी बाटली आहे का ते विचारा. बाटलीत किती मावतं ते मोजलं की ३८ चा आकडा एकदम बोलायला लागेल.

हा फरक किरकोळ नाही. १.०४० म्हणजे तुमच्या हायड्रोमीटरवर १० अंश प्लेटो आणि १.०४८ म्हणजे जवळजवळ १२. आमच्याकडे पबमध्ये बिअर मागतात तीच मुळी 'दहाची' की 'बाराची' अशी. नवे आलेले भारतीय त्याला दारूचे टक्के समजून घाबरतात. तो आकडा आंबण्याआधीच्या वॉर्टमधल्या अर्काचा असतो, शंभर ग्रॅममध्ये किती ग्रॅम. कार्ल बालिंग यांनी ही मोजणी प्रागमध्येच १८४३ साली बसवली. पुढे फ्रिट्झ प्लेटो यांनी ती आणखी अचूक केली. दहाची बिअर चार टक्क्यांच्या आसपास राहते, बाराची पाच टक्क्यांच्या. आजींच्या आठवणीत संध्याकाळी दोन-तीन पिंट निवांत प्यायची हलकी बिटर असेल आणि तुम्ही बाराची दिलीत, तर त्यांना ती आपली वाटणार नाही.

कोथरूडकर

वाचून मजा येतेय. आपल्याकडच्या बाटलीवर '७५ डिग्री प्रूफ' आणि शेजारी '४२.८ टक्के' लिहितात, तोही असाच प्रकार का? आणि हे पुण्यात घरी करता येईल का?

लीड्सचा_विनू

हो, तो जुना ब्रिटिश प्रूफ. त्यात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, म्हणून ७५ ला ४२.८. अमेरिकन प्रूफ टक्क्यांच्या सरळ दुप्पट, त्यामुळे तिकडे ७५ प्रूफ म्हणजे ३७.५ टक्केच.

पुण्यात मात्र करू नका. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी.

डेट्रॉइट_देशमुख

आमच्याकडेही १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केली तेव्हा कुठे घरच्या बिअरला केंद्राची मोकळीक मिळाली. म्हणजे हे काका ओहायोत असताना तिथे ती बनवणं कायद्यात बसत नव्हतं. त्यामुळे रेसिपी तिथून उचलली असण्याची शक्यता कमीच. माझं मत मी मागे घेतो. व्लतावांचा हिशोब पक्का आहे.

तरी साखरेचं सांगतो, कारण ती बाटलीत आंबून गॅस होतो आणि बाटली फुटण्याशी तिचा संबंध आहे. कपानं मोजूच नका. अमेरिकन कप २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन २५० चा आणि इंग्लंडच्या घरात कप म्हणजे कपाटातला हाताला लागेल तो. साधी साखर पाऊण कप भरली तर साधारण १५० ग्रॅम होते. २२.७ लिटरला ती चालेल, पण बिटरसाठी जरा जास्तच फसफसेल. १८.९ लिटर समजून तेवढीच घातली असती तर लागरपेक्षाही जास्त गॅस झाला असता. इंग्लिश बिटरला लिटरमागे साडेचार ग्रॅम साखर पुरे, ती वजन करून घ्या. आणि आंबणं पूर्ण थांबलंय याची लागोपाठ दोन-तीन दिवस हायड्रोमीटरनं खात्री झाल्याशिवाय बाटली भरू नका.

नेकारकाठी

काय सांगू, आजींच्या तळघरात खरंच त्या वेळच्या तपकिरी बाटल्या निघाल्या, रबरी वॉशर असलेल्या फिरकीच्या बुचांच्या! आजींनी स्वतः खाली येऊन दाखवल्या. एक स्वच्छ धुतली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि पाणी भरलं. मानेच्या खालच्या कडेपर्यंत ५६९ ग्रॅम. म्हणजे ब्रिटिश पिंट. ३८ बाटल्यांना साडेएकवीस लिटरपेक्षा जास्त बिअर लागते, ती अमेरिकन ५ गॅलनमध्ये नाहीच.

बाकीच्या पानांवरही हिशोब लावला. इंपीरियल धरून उतारा सगळीकडे ७२ ते ७७ टक्क्यांत येतो.

आता उरलेले प्रश्न. जिप्समचा एक चमचा किती? आणि इथल्या दुकानात क्रिस्टल माल्ट रंगानुसार ईबीसी या रंगाच्या मापात मिळतो, वहीत रंगच नाही.

लीड्सचा_विनू

वा! आजी खाली उतरल्या हे वाचून फार बरं वाटलं.

जिप्समचा सपाट चमचा चारेक ग्रॅम भरतो. ते कशासाठी घालतात हेही सांगतो: बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर असतं, त्यानं हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ लागतो. बिटर बनवणारे मग आपल्या पाण्यातही ते घालायचे. पण आधी तुमच्या पाणीपुरवठ्याचा तक्ता बघा. जर्मनीत कठीणपणा 'डॉइचे हार्टे'च्या अंशात देतात. त्यांचा एक अंश म्हणजे लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. जुना इंग्लिश क्लार्क अंश १४.३ चा आणि फ्रेंच १० चा. काकांच्या वहीत कुठे 'वॉटर १२ डिग्री' असं दिसलं तर ते क्लार्क असणार, तुमच्याकडचा आकडा त्याच्याशी थेट ताडून बघू नका.

क्रिस्टल १५० ईबीसीच्या आसपासचा घ्या, इंग्लिश मध्यम क्रिस्टल तोच. अमेरिकन पुडीवर ६० लोविबाँड लिहिलेला असतो, तो जवळपास याच रंगाचा.

व्लतावा

हॉप्स वहीतल्या वजनानं घेऊ नका. पाकिटावर कडवटपणा देणाऱ्या अल्फा आम्लाचे टक्के असतात आणि ते दरवर्षी बदलतात. १९७४ च्या गोल्डिंग्जमध्ये ५ टक्के धरले तर ५७ ग्रॅममधून २२.७ लिटरला ३० आयबीयूच्या (कडवटपणाच्या एककाच्या) आसपास कडवटपणा येतो. तुमच्या पाकिटावर ६ असेल तर ४७ ग्रॅमच घाला. नशिबानं आयबीयू सगळ्या देशांत एकच आहे.

नेकारकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. येत्या शनिवारी करतेय. वहीतलं पान आता माझ्या भाषेत असं झालं: २२.७ लिटर, १० अंश प्लेटो, पेल माल्ट ३.८६ किलो, १५० ईबीसीचा क्रिस्टल २३० ग्रॅम, मॅशला ११.४ लिटर पाणी, मॅश ६५.५ अंशावर ९० मिनिटं, ३० आयबीयू, साखर १०० ग्रॅम. माझा उतारा ७० टक्क्यांचा असतो, म्हणून पेल माल्ट पाव किलोनं वाढवणार.

एकच अडलंय. गोल्डिंग्ज मिळाले, पण फगल इथल्या दुकानात नाहीत आणि इंग्लंडहून मागवले तर वेळेत येतील की नाही शंका आहे. टेटनांग मुबलक मिळतात. ते चालतील?

व्लतावा

टेटनांग नको, त्याचा वास आमच्याकडच्या झाटेट्स हॉप्सच्या घराण्यातला, लागरचा. स्लोव्हेनियाचे 'स्टायरियन गोल्डिंग' मागा, जर्मनीत सहज मिळतात. नाव गोल्डिंगचं असलं तरी ते मुळात फगलच आहेत, इंग्लंडमधून तिकडे नेऊन लावलेले. १४ ग्रॅम, गॅस बंद करायच्या आधी दहा मिनिटं.