पेशंटच्या सोशिकपणाचं कौतुक पुरे, औषधाच्या किमतीवर बोलू

सत्तरीकर
कुणी मोठ्या आजारातून उठलं की आपण म्हणतो, काय जिद्द त्या बाईची! गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईकही हेच बोलतात. मला त्या कौतुकाचा राग येतो. पेशंट जे सोसतो ते सगळंच आजारामुळे नसतं. त्यातलं बरंचसं कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलेल्या किमतीमुळे असतं.

मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं बायर कंपनीचं नेक्साव्हर घ्या. २०१२ पर्यंत त्याची किंमत महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही ते बनवण्याची मुभा, भारतातली पहिलीच, आणि तेच औषध महिन्याला ८,८८० रुपयांत देण्याची अट घातली. त्याआधी ज्यांनी पैशापायी उपचार सोडले, त्यांना काय जिद्द कमी होती?

वेर्णा शिफ्ट
मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीला आहे, म्हणून लिहितो. ते औषध चालतं हे आधी कुणीतरी पैसे ओतून सिद्ध केलेलं असतं. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी नऊच्या आसपास मध्येच बाद होतात. तो तोटा कुठून भरायचा?

आणि कंपनी म्हटलं की लुटारूच, हेही मान्य नाही. २००१ मध्ये एड्सची तीन औषधं मिळून वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होती, तेव्हा सिप्लाने ती ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. सिप्ला ही कंपनीच ना?

सत्तरीकर
कंपनीच, आणि त्याबद्दल तिचा मान आहेच. पण सिप्लाला ते करता आलं कारण १९७० च्या आपल्या कायद्यात औषधाच्या पदार्थाला पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला मिळायचं. २००५ पासून ती मुभा गेली. कायद्याने दार उघडं ठेवलं होतं, म्हणून तो चांगुलपणा घडला.

म्हापसेकर
कंपन्यांवर सगळं ढकलू नका. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा नियमित रक्तदान करणारा तरुण होता. रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून त्याला आमच्या म्हापशातल्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस डांबलं. ते कुठल्या कंपनीने केलं? सरकारने, गोव्याच्याच आरोग्य कायद्याचा आधार घेऊन. त्याची आई कोर्टात गेली. १९९२ मध्ये तो वारला. सोसायला लावणारे हात पुष्कळ असतात.

वॉर्डातली बाय
मी नर्स आहे, टीबीचे पेशंट सांभाळलेत. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला पूर्वी महिनोन्‌महिने इंजेक्शनं चालायची आणि त्यांनी कित्येकांचे कान जायचे. डोळ्यांदेखत माणूस बहिरा होतोय, आणि आम्ही सांगायचं, बाबा, कोर्स सोडू नको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघींची श्रवणशक्ती अशाच उपचारात गेली. बेडाक्विलिन ही गोळी आली तशी या इंजेक्शनांपासून सुटका शक्य झाली. पण जॉन्सन अँड जॉन्सनला तिच्या क्षाराच्या रूपावर आणखी एक पेटंट हवं होतं, म्हणजे मक्तेदारी २०२३ ऐवजी २०२७ पर्यंत. या दोघींनी २०१९ मध्ये हरकत घेतली. स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हतं, कान परत येणार नव्हते. मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

म्हणून सत्तरीकर, जिद्दीचं कौतुक बंद करा हे मला पटत नाही. या बायांची जिद्द नसती तर पेटंटला हरकत घेऊ देणारा कायदा पुस्तकातच राहिला असता.

वेर्णा शिफ्ट
बाय, या दोघींपुढे मी मान झुकवतो. जुन्याच औषधाला नवा मुलामा देऊन पेटंट लांबवणं मलाही चूक वाटतं. पण किमतीला सरकारने सरसकट लगाम घातला तर काय होतं? फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटवर, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीवर, कमाल किंमत आली, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट इथून काढून घेण्याची परवानगी मागितली.

सत्तरीकर
मागितली खरी. पण त्याआधी लाखाच्या वर जाणारा औषधी लेपाचा स्टेंट तीस हजारांच्या आत आला, आणि अँजिओप्लास्ट्या काही बंद पडल्या नाहीत. घाबरून किंमत मोकळी सोडायची तर उद्या कुडचड्याच्या ट्रकवाल्याने काय विकायचं, ट्रक की घर?

बाय, तुमचं मात्र पटलं. नंदिता-फुमेझासारखी जिद्द हवीच. माझा आक्षेप आहे तो पेशंटने मुकाट सोसावं म्हणून केलेल्या कौतुकाला.

म्हापसेकर
मग आधी गोवा सरकारच्या आरोग्यविम्याच्या, दीनदयाळ योजनेच्या कार्डाचं बघा. तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाखांपर्यंतचा खर्च, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. महागडं औषध वर्षभर लागलं तर ते कितपत पुरणार? आपल्या आमदाराला हे विचारणारा पेशंट मी अजून पाहिलेला नाही.